‘गुणल्यावर संख्या वाढते’ ही समजूत मुलांच्या मनातून कशी काढावी?

नीलपाटी

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. अपूर्णांकांचा गुणाकार शिकून तिला महिना होऊन गेला आहे आणि रीत तिला व्यवस्थित येते. अंशाने अंशाला गुणायचे, छेदाने छेदाला गुणायचे आणि मग संक्षिप्त रूप द्यायचे, हे ती न अडखळता सांगते. गेल्या आठवड्यात तिची वही चाळताना ८ × १/२ या उदाहरणासमोर मला १६ हे उत्तर दिसले. नीट पाहिले तेव्हा १६ च्या खाली खोडलेला ४ पुसटसा दिसत होता. तिला विचारले, तर ती म्हणाली, “आधी चारच आले होते. पण गुणाकार आहे ना, मग उत्तर आठापेक्षा कमी कसे येईल? माझेच काहीतरी चुकले असेल, म्हणून उलटे करून पाहिले.”

तेव्हापासून मी तिच्या वहीतल्या चुका अधिक बारकाईने पाहू लागले आहे. ८ + ४ = ☐ + ५ या उदाहरणातल्या चौकटीत तिने १२ लिहिले आहे. चौरस हा आयत आहे का, या प्रश्नाला तिने ठामपणे ‘नाही’ असे उत्तर दिले आहे आणि तिच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे हेच उत्तर होते, असे ती सांगते. या चुका निष्काळजीपणाच्या वाटत नाहीत, कारण प्रत्येक उत्तरामागे तिच्याजवळ कारण आहे आणि ते ती शांतपणे सांगते.

मी गणिताची विद्यार्थिनी नव्हते, त्यामुळे माझा प्रश्न कदाचित भाबडा असेल. तिला लहानपणी जे नियम सांगितले गेले तेच चुकीचे होते का? तसे असेल तर ते तिच्या मनातून पुसून टाकण्यासाठी मी काय करावे? की दोष नियमांचा नसून ते ज्या शब्दांत सांगितले गेले त्या शब्दांचा आहे?

कोनमापक

मी अनेक वर्षे गणित शिकवले आहे, आणि तुमच्या पत्रातला तो खोडलेला ४ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या मुलीने रीत बरोबर वापरली, बरोबर उत्तर काढले, आणि मग ते आपल्या समजुतीशी जुळत नाही म्हणून पुसले. उत्तर अपेक्षेशी ताडून पाहण्याची ही सवय फार मोलाची आहे आणि ती पुष्कळ मोठ्या माणसांनाही नसते. तेव्हा सर्वांत आधी, तिने उत्तर तपासले हे योग्यच केले, असे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. चुकली ती फक्त अपेक्षा.

ही अपेक्षा तिने कोठून घेतली? पहिली तीन-चार वर्षे तिने फक्त १, २, ३, ४ अशा संख्यांचे गुणाकार केले. त्या संख्यांच्या राज्यात एकापेक्षा मोठ्या संख्येने गुणले की उत्तर वाढते, हे निरपवाद खरे आहे. तिने शेकडो उदाहरणे सोडवली आणि त्यांपैकी एकानेही या समजुतीला धक्का दिला नाही. म्हणून हा नियम पुसून टाकण्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. तो तिने स्वतःच्या अनुभवातून काढला आहे आणि त्याच्या हद्दीत तो खराही आहे. तिला त्याची हद्द दाखवायची आहे, आणि ती हद्द १ या संख्येवर आहे. एकापेक्षा मोठ्या संख्येने गुणले की धन संख्या वाढते, एकाने गुणले की तशीच राहते आणि एकापेक्षा लहान धन संख्येने गुणले की कमी होते.

हे नुसते सांगून भागणार नाही. एका कोऱ्या कागदावर ८ × ४, ८ × २, ८ × १ अशी उदाहरणे एकाखाली एक लिहा आणि उत्तरे तिलाच लिहू द्या. ३२, १६, ८ अशी ती उतरत येतील. नंतर पुढची ओळ ८ × १/२ अशी लिहा आणि रीत वापरण्याआधी अंदाज विचारा. गुणक प्रत्येक ओळीत निम्मा होतो आहे आणि उत्तरही निम्मे होते आहे, हे तिच्या ध्यानात आले की ४ हे उत्तर तिला अटळ वाटेल, आणि तेथे १६ आले असते तरच आश्चर्य वाटले असते.

तुम्ही शब्दांविषयी विचारले आहे, तेही बरोबर आहे. गुणाकाराची ओळख आपण ‘वेळा’ या शब्दाने करून देतो: आठ ही संख्या चार वेळा घेतली. पण हा शब्द अपूर्णांकाच्या दारात अडतो, कारण ‘अर्ध्या वेळा’ घेणे म्हणजे काय, ते कोणालाच सांगता येत नाही. आपल्या भाषेत याहून लवचिक असा ‘पट’ हा शब्द आहे. दुप्पट आणि तिप्पट आपण म्हणतोच, पण दीडपट, पाऊणपट आणि निमपटही म्हणतो, आणि आठाची निमपट चार होते हे ऐकून कोणतेही मूल दचकत नाही. जुन्या पिढीतली मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी पाठ करत असत. त्यांतली निमकी म्हणजे अर्ध्याचा पाढा आणि पावकी म्हणजे पावाचा. ज्या मुलाने निमकी म्हटली आहे, त्याला गुणाकाराने संख्या लहान होताना पाहण्याची सवय आधीपासूनच असणार. ती पाठांतरे आज पुन्हा सुरू करावीत असे मी म्हणत नाही. परंतु ‘वेळा’च्या जोडीला ‘पट’ हा शब्द पहिल्यापासून वापरला, तर पुढचे पुष्कळ अवघडलेपण टळते.

भागाकाराचीही अशीच गोष्ट आहे. भागणे म्हणजे वाटणी करणे, एवढाच अर्थ मुलांना ठाऊक असतो. बारा वस्तू तीन जणांत वाटल्या तर प्रत्येकाला चार मिळतात. मग ६ ÷ १/२ म्हणजे सहा वस्तू अर्ध्या माणसात वाटायच्या का? पण भागाकाराचा दुसरा अर्थ मोजणीचा आहे: सहामध्ये अर्धे किती बसतात? सहा मीटर लांबीच्या दोरीचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे कापले तर बारा तुकडे होतात, हे ती दोरा हातात घेऊन स्वतः मोजू शकेल. या दुसऱ्या अर्थाने पाहिले की भागाकाराचे उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे आले, तरी ते खटकत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. वजाबाकी शिकवताना “तीनातून पाच जात नाहीत, म्हणून हातचा घेऊ” हे वाक्य आपण सर्रास वापरतो, आणि काही वर्षांनी त्याच मुलांना ३ − ५ = −२ असे सांगतो. “आत्ता आपल्याजवळ ज्या संख्या आहेत त्यांत जात नाहीत” एवढे बोलायला फार वेळ लागत नाही. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे ते बोललो नाही, याची मला खंत आहे.

शब्दवेध

कोनमापक यांनी गुणाकाराचे नेमके सांगितले आहे, म्हणून मी उरलेल्या दोन चुकांविषयी लिहितो. या दोन्हींची मुळे भाषेत आहेत असे मला वाटते.

८ + ४ = ☐ + ५ मध्ये १२ लिहिणारी मुले जगभर आढळतात. त्यांच्या दृष्टीने = हे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी आज्ञा असते, कारण त्यांनी सोडवलेल्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात डावीकडे क्रिया आणि उजवीकडे उत्तर असते. गणकयंत्रावरचे बटणही याच समजुतीला बळ देते, कारण ते दाबले की उत्तर येते. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञांनी १५५७ मध्ये हे चिन्ह छापून वापरात आणले, तेव्हा त्यांनी दोन समांतर आणि सारख्या लांबीच्या रेषा निवडल्या, कारण त्यांच्या मते कोणत्याही दोन वस्तू यापेक्षा अधिक समान असू शकत नाहीत. डावी बाजू आणि उजवी बाजू एकाच तोलाच्या आहेत, हे त्या चिन्हात चित्रासारखेच दाखवलेले आहे.

मराठीत याच्या भरीला आणखी एक अडचण आहे. आपण हे चिन्ह ‘बरोबर’ असे वाचतो. “आठ अधिक चार बरोबर बारा” हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. ‘बरोबर’ म्हणजे समान, ‘बरोबर’ म्हणजे अचूक, आणि ‘माझ्याबरोबर चल’ म्हणताना ‘बरोबर’ म्हणजे सोबत. शिक्षक वहीवर ‘बरोबर’ असा शेरा देतात, तोही हाच शब्द आहे. त्यामुळे “आठ अधिक चार, बरोबर: बारा” असे, म्हणजे अचूक उत्तर पुढे येत आहे अशा अर्थाने, एखाद्या मुलाच्या कानावर ते पडत असेल, तर त्याला बोल लावता येणार नाही. पुढे हीच मुले ३ + ४ = ७ × २ = १४ अशी साखळी लिहितात. उत्तर १४ हे योग्य असते, पण सात आणि चौदा समान आहेत असे आपण लिहून बसलो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

माझा अनुभव असा आहे की, काही दिवस ‘बरोबर’ऐवजी ‘समान आहे’ असे वाचायला लावले आणि १२ = ८ + ४, ७ = ७, ५ + ६ = ६ + ५ अशी अनोळखी दिसणारी विधाने देऊन प्रत्येक विधान खरे की खोटे एवढेच विचारले, तर समजूत बदलू लागते. ७ = ७ हे विधान पाहून कित्येक मुले “यात उदाहरण कोठे आहे?” असे विचारतात. चिन्हाचा अर्थ त्यांच्या मनात काय आहे, ते त्या प्रश्नातूनच उघड होते.

आता चौरस आणि आयत. येथे तुमच्या मुलीच्या बाजूला प्राचीन ग्रीक भूमितिकार युक्लिड आहेत, हे तिला अवश्य सांगा. त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्याच भागातल्या व्याख्यांमध्ये आयतासाठी जी आकृती सांगितली आहे, तिचे कोन काटकोन असतात पण बाजू समान नसतात, म्हणजे चौरस त्या व्याख्येतून वगळलेला आहे. आज आपण व्याख्या वेगळी करतो: ज्या चौकोनाचे चारही कोन काटकोन आहेत तो आयत. या व्याख्येत बाजूंविषयी काहीच अट नाही, म्हणून चौरसही त्यात येतो. अशी व्याख्या करण्यामागे सोय आहे. आयताचे कर्ण समान असतात, हे एकदा सिद्ध केले की चौरसासाठी ते वेगळे सिद्ध करावे लागत नाही. समद्विभुज आणि समभुज त्रिकोणांचेही तसेच आहे: समभुज त्रिकोणात दोन बाजू समान असतातच, म्हणून तो समद्विभुजही आहे.

मग मुलांना हे पटत का नाही? कारण रोजच्या बोलण्यात आपण नेहमी जास्तीत जास्त माहिती देणारा शब्द निवडतो. समोर चौरस असताना जो ‘आयत’ म्हणेल, त्याने ऐकणाऱ्यापासून काहीतरी दडवले असे वाटते. “काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले” असे ऐकले की काही अनुत्तीर्ण झाले असणार, असे आपण गृहीत धरतो. गणितात मात्र ‘काही’ म्हणजे निदान एक, मग सगळे असले तरी चालेल. ‘किंवा’चेही असेच: “संख्या २ ने किंवा ३ ने विभाज्य आहे” या विधानात ६ सुद्धा बसते, तर बोलताना “हे किंवा ते” म्हटले की दोहोंपैकी एकच असे आपण समजतो. बोलण्याचा संकेत चुकीचा नाही आणि गणिताचाही नाही. शब्द तोच राहतो, संकेत बदलतो, आणि तो बदलला आहे हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

‘अंश’ हा शब्द अपूर्णांकात एका अर्थाने आणि कोन मोजताना दुसऱ्या अर्थाने येतो. ‘मूळ’ तर मूळ संख्या, वर्गमूळ आणि समीकरणाचे मूळ अशा तीन ठिकाणी भेटतो. हे अर्थ मुले संदर्भाने सांभाळून घेतात, कारण ते एकमेकांपासून पुरेसे दूर आहेत. धोका असतो तो जवळजवळ सारख्या अर्थांचा.

सरावपाठ

मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. शब्दांची चिकित्सा मोठ्यांना आवडते, पण अकरा वर्षांच्या मुलीला तिचा किती उपयोग होईल, याविषयी मला शंका वाटते. आठाचे निम्मे चार, हे जिच्या तोंडी चटकन येते, ती मुलगी आठ गुणिले अर्धे पाहून गोंधळणार नाही. ज्याला साध्या क्रियांसाठीच सगळे लक्ष खर्च करावे लागते, त्याच्याजवळ अर्थाचा विचार करायला लक्ष उरतच नाही. हेर्मान एबिंगहाऊस या मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये स्वतःच्याच स्मरणाचे मोजमाप प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे माहीत आहे की शिकलेले फार लवकर विसरते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ते टिकवते. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणे अधिक टिकते, हेही पुढच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि त्या ओळखीलाच आपण समजणे मानतो. तेव्हा रोज थोडी उदाहरणे, दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा, असा क्रम ठेवावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कोनमापक

सरावपाठ यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि आठवून लिहिण्याविषयी त्यांनी सांगितलेले तर प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पण सरावासाठी उदाहरणे कोणती निवडायची, हा प्रश्न उरतोच. चुकीची समजूत अनेकदा योग्य उत्तरांच्या आड लपून राहते.

एक मुलगा माझ्या चांगला लक्षात आहे. दशांश अपूर्णांकांत लहानमोठेपणा ठरवण्याच्या दहा उदाहरणांपैकी त्याची नऊ बरोबर आली होती. ०.४५ आणि ०.३ यांत ०.४५ मोठी, ०.७२ आणि ०.५ यांत ०.७२ मोठी, असे सगळे ठीक चालले होते. दहावे उदाहरण ०.४५ आणि ०.६ यांचे होते आणि तेथेही त्याने ०.४५ मोठी ठरवली. विचारले तेव्हा त्याने कारण सांगितले: पंचेचाळीस सहापेक्षा मोठे. दशांशचिन्हाच्या उजवीकडचे आकडे तो पूर्ण संख्या म्हणूनच वाचत होता, आणि पहिल्या नऊ उदाहरणांत जास्त अंक असलेली संख्याच मोठी होती. तशी आणखी शंभर उदाहरणे सोडवली असती तरी त्याची समजूत बदलली नसती. उलट प्रत्येक योग्य उत्तराने ती अधिक पक्की झाली असती.

आम्ही ०.६ च्या पुढे शून्य देऊन ०.६० लिहिले आणि दोन्ही संख्या रेषेवर दाखवल्या. तेव्हापासून मी ‘शून्य दशांश पंचेचाळीस’ असे म्हणणे सोडले आणि ‘शून्य दशांश चार पाच’ असे एकेक अंक वेगळा म्हणू लागलो. हा बदल लहान आहे, पण त्यामुळे ‘पंचेचाळीस’ हा शब्द कानावर पडत नाही आणि सहाशी त्याची तुलनाही होत नाही.

म्हणून नीलपाटी, सराव जरूर करून घ्या. मात्र जुनी समजूत आणि खरे उत्तर जेथे वेगळे पडतात, अशी निदान दोन-तीन उदाहरणे प्रत्येक वेळी त्यात असू द्या.

नीलपाटी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. कागदावर ओळी मांडून पाहिल्या. ८ × १/२ या ओळीवर ती थांबली, वरच्या उत्तरांवरून बोट फिरवत खाली आली आणि काही न बोलता तिने ४ लिहिले. मग स्वतःच पुढे ८ × १/४ आणि ८ × १/८ असे लिहीत गेली. ७ = ७ पाहून तिनेही, शब्दवेध यांनी सांगितल्याप्रमाणे, “पण यात करायचे काय?” असे विचारले.

दुसऱ्या दिवशी भागाकाराच्या ओळी मांडल्या: ८ ÷ २, ८ ÷ १, ८ ÷ १/२, ८ ÷ १/४. उत्तरे ४, ८, १६, ३२ अशी चढत गेली आणि तिने असा प्रश्न विचारला की मला उत्तर सुचेना. भाजक लहान करत करत शून्यापर्यंत नेला तर काय येईल? तिचा स्वतःचा अंदाज ‘अनंत’ असा आहे. हे बरोबर मानावे का?

कोनमापक

या प्रश्नावर फार मोठ्या गणितज्ञांनीही वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, हे तिला सांगितले तर तिचा हुरूप वाढेल. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या क्रियांचे नियम लिहिले. त्यांतले बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराचे नियम आजही तसेच वापरले जातात, पण शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, हा त्यांचा नियम टिकला नाही. नवव्या शतकात महावीराचार्यांनी शून्याने भागल्यावर संख्या तशीच राहते असे म्हटले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ज्याचा हर, म्हणजे छेद, शून्य आहे त्या राशीला ‘खहर’ असे नाव दिले आणि तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही, म्हणजे ती अनंत आहे, असे मानले. तुमच्या मुलीचा अंदाज भास्कराचार्यांच्या वाटेने गेला आहे.

तरीही आज आपण ते उत्तर मान्य करत नाही, आणि कारण तिला स्वतः शोधता येण्यासारखे आहे. भागाकाराचा ताळा ती गुणाकाराने करतच असेल: ८ ÷ २ = ४, कारण ४ × २ = ८. मग ८ ÷ ० चे उत्तर जे काही असेल, त्याला शून्याने गुणल्यावर ८ यायला हवेत. अशी कोणतीही संख्या नाही, म्हणून ८ ÷ ० ला उत्तर नाही आणि त्याला आपण ‘अव्याख्यात’ म्हणतो. शून्याजवळ जाताना उत्तर वाटेल तितके मोठे होते, हे तिचे निरीक्षण मात्र खरे आहे, धन बाजूने शून्याकडे गेले तर. पुढे ऋण संख्या शिकल्यावर तिने ८ ÷ (−१/२), ८ ÷ (−१/४) अशा ओळी मांडाव्यात. तेव्हा उत्तरे −१६, −३२ अशी नेमकी विरुद्ध दिशेला पळताना दिसतील आणि नुसते ‘अनंत’ म्हणून का चालत नाही, ते तिला दुसऱ्या बाजूनेही कळेल.

एवढे झाले की तिला ० ÷ ० विचारा आणि तोच ताळा वापरू द्या. ती बहुधा ० किंवा १ पासून सुरुवात करील, आणि दोन्ही जुळतात हे पाहून तिसरी संख्या घालून पाहील.